‘ते’ म्हणजे किती जण? : डीप थ्रोट मालिकेच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५

कामाला सुरुवात. तीन भागांची श्राव्यमालिका, प्रत्येक भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास. विषय डीप थ्रोट. लिहिणार मी, आवाज वहिनींचा, ध्वनिमुद्रण आणि जुळणी पुतणीची. अण्णा प्रत्येक संहिता तपासून देणार आहेत. अण्णा म्हणजे आमचे जुने मुख्य उपसंपादक. त्यांच्या हाताखाली मी बातमी लिहायला शिकलो.

निमित्त असं की परवाच्या ३१ मेला त्या गौप्यस्फोटाला वीस वर्षं झाली. ज्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला, त्या वॉटरगेट प्रकरणात ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे वार्ताहर बॉब वुडवर्ड यांना आतली माहिती पुरवणारा हा ‘डीप थ्रोट’ कोण, हे कोडं तीस वर्षांहून जास्त टिकलं. २००५मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात जॉन ओ’कॉनर या वकिलांचा लेख आला आणि एफबीआयमध्ये एकेकाळी दुसऱ्या क्रमांकावर असलेले मार्क फेल्ट ‘तो मीच’ म्हणतायत, हे जगाला कळलं. त्याच दिवशी वुडवर्ड, त्यांचे जोडीदार वार्ताहर कार्ल बर्नस्टीन आणि संपादक बेन ब्रॅडली यांनी दुजोरा दिला. फेल्ट तेव्हा ९१ वर्षांचे होते, कॅलिफोर्नियात सँटा रोझाला मुलीकडे राहत होते आणि त्यांची स्मरणशक्ती बरीचशी गेलेली होती.

माझा आराखडा साधा आहे. पहिल्या भागात कोडं, दुसऱ्यात चुकलेले अंदाज, तिसऱ्यात उत्तर. २००५ला शंका संपली, असं धरून चाललोय.

४ जून

पार्श्वभूमी चार मिनिटांत बसवली, त्याहून जास्त नको. २ मे १९७२ला एफबीआयचे सर्वेसर्वा जे. एडगर हूवर वारले. त्यांच्या खुर्चीवर फेल्ट यांचा डोळा होता. निक्सन यांनी तिथं बाहेरचे एल. पॅट्रिक ग्रे आणून बसवले. १७ जूनच्या पहाटे वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले. फ्रँक विल्स या रखवालदाराला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली, त्यावरून. ती चिकटपट्टी वहिनींना फार आवडली. भागाची सुरुवात तिथूनच करू म्हणाल्या. केली.

नावाचा खुलासाही लागेल. हा माणूस छापण्यासाठी काहीच देत नसे, अगदी निनावी अवतरणसुद्धा नाही. बाहेरून आलेली माहिती बरोबर की चूक एवढं सांगायचा, नाहीतर दिशा दाखवायचा. ‘पोस्ट’चे व्यवस्थापकीय संपादक हॉवर्ड सायमन्स यांनी त्या वर्षी गाजलेल्या एका अश्लील चित्रपटाच्या नावावरून त्याला डीप थ्रोट म्हणायला सुरुवात केली. वहिनींनी हे वाक्य एका दमात, न अडखळता वाचलं.

९ जून

पहिल्या भागाचा कच्चा मसुदा घरी वाचून दाखवला. वुडवर्ड आणि डीप थ्रोट यांच्या गुप्त भेटी जिथं होत, त्या गॅरेजचा प्रसंग होता. व्हर्जिनियात रॉसलिनला, पोटोमॅक नदीपलीकडे, १४०१ विल्सन बुलेवार्ड या इमारतीखालचं वाहनतळ, जागा क्रमांक ३२डी, रात्रीचे दोन. मी लिहिलं होतं, ‘वुडवर्ड जिना उतरून खाली आले. ते कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले...’

पुतणीनं हात वर केला. “काका, ते म्हणजे किती जण?”

मी म्हटलं, एकच. आदरार्थी.

“पण ऐकताना कसं कळणार? मला वाटलं तिथं दोघं-तिघं उभे आहेत.”

वहिनी हसल्या, पण मी नाही हसलो. कारण गेल्या पन्नास वर्षांतली शंका तिनं एका सर्वनामात पकडली होती. डीप थ्रोट हा एक माणूस होता, की अनेकांच्या तोंडचं एकत्र करून उभा केलेला, की वुडवर्ड-बर्नस्टीन यांच्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ या पुस्तकासाठी रचलेलं निव्वळ एक पात्र? मराठीत या तिन्ही गोष्टींना ‘ते’च म्हणतात. आदराचा एक माणूस, ते. चार माणसं, ते. आणि पात्र नपुंसकलिंगी, तेही ते.

निर्णय: डीप थ्रोटला ‘तो’ म्हणायचं. मार्क फेल्ट यांना ‘ते’. दोन्ही एकच आहेत हे जिथं पुराव्यानं ठरतं, तिथंच ‘तो’चा ‘ते’ करायचा. संहिता सगळी पुन्हा लिहावी लागणार. लिहितो.

१४ जून

दुसरा भाग, चुकलेले अंदाज. किती मोठी यादी आहे! निक्सन यांचे चीफ ऑफ स्टाफ अलेक्झांडर हेग. भाषणं लिहिणारे डेव्हिड गर्गन आणि पॅट ब्युकॅनन. खुद्द पॅट्रिक ग्रे. व्हाइट हाउसचे वकील लेनर्ड गार्मेंट यांनी २०००मध्ये अख्खं पुस्तक लिहून जॉन सीअर्स यांचं नाव घेतलं. सीअर्स यांनी साफ नाकारलं. इलिनॉय विद्यापीठात विल्यम गेन्स या मुरलेल्या शोधपत्रकारांनी चार वर्षं विद्यार्थ्यांना कामाला लावलं आणि २००३मध्ये जाहीर केलं की तो फ्रेड फील्डिंग, व्हाइट हाउसचे उपवकील. फील्डिंगही नाही म्हणाले. ही माणसं हौशी नव्हती. गेन्स यांना पुलित्झर मिळालेलं होतं.

बरोबर बोट ठेवणारेही होते. ‘वॉशिंग्टोनियन’ मासिकाच्या जॅक लिम्पर्ट यांनी १९७४मध्येच फेल्ट यांच्याकडे बोट दाखवलं. १९९२मध्ये जेम्स मान यांनी ‘अटलांटिक’मध्ये लिहिलं की नाव शोधण्याआधी संस्था शोधा, हूवर गेल्यावर एफबीआय आणि व्हाइट हाउस यांच्यात जे चाललं होतं त्यात याचं उत्तर आहे. मी वाचलेल्यातलं हे सगळ्यात शहाणं लिखाण. ‘पोस्ट’मध्ये मान आणि वुडवर्ड त्या दिवसांत सहकारी होते.

हा भाग लिहिताना हात जड झाला. कारण सांगतो.

१९९४मध्ये मी तालुक्याचा वार्ताहर होतो. तिथल्या एका सरकारी कार्यालयात रस्त्याच्या खडीकरणाचं बिल निघालं होतं आणि रस्त्यावर खडी नव्हती. मोजमाप पुस्तिकेच्या एका पानाची झेरॉक्स माझ्या हाती आली. बातमीत मी लिहिलं, ‘कार्यालयातील विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’. पंधरा दिवसांत तिथल्या अनुरेखकाची, म्हणजे नकाशे काढणाऱ्याची, बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. साहेबांनी ठरवलं होतं की फोडलं ते यानंच. त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याची मुलगी त्या वर्षी दहावीला होती.

मी नाव सांगणार नाही असा शब्द दिला होता. तो मी पाळला आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली. फील्डिंग किंवा सीअर्स यांच्या नकाराचं वाक्य लिहिताना मला तो अनुरेखक दिसतो.

१७ जून

पाच जण पकडले गेले त्याला आज ५३ वर्षं. फेल्ट यांचे नकार एका जागी गोळा केले.

१९७४ला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला: मी नाही. १९७९ला स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात: वुडवर्ड-बर्नस्टीनना किंवा इतर कुणालाही मी कधीच माहिती दिलेली नाही. १९९९ला तर कमाल. बर्नस्टीन यांच्या मुलानं उन्हाळी शिबिरात सोबतच्या मुलाला फेल्ट यांचं नाव सांगितल्याची बातमी ‘हार्टफर्ड कुरंट’नं छापली. त्यावर फेल्ट म्हणाले, मी असतो तर काम याहून चांगलं केलं असतं.

यातला सर्वांत जिवंत प्रसंग १९७६चा. तो वुडवर्ड यांनीच पुढं लिहिलाय. एफबीआयनं वॉरंटशिवाय केलेल्या घरझडत्यांची चौकशी ग्रँड ज्युरीपुढे चालली होती आणि न्याय खात्याचे स्टॅन्ली पॉटिंजर फेल्ट यांना प्रश्न विचारत होते. शेवटी पंचांपैकी एकानं विचारलं, “तुम्ही डीप थ्रोट होता का?” फेल्ट ‘नाही’ म्हणाले आणि पांढरेफटक पडले. पॉटिंजर जवळ गेले आणि हळूच म्हणाले, तुम्ही शपथेवर आहात, खरं बोलावंच लागेल. पण हा प्रश्न आपल्या चौकशीच्या कक्षेबाहेरचा आहे, तुमची इच्छा असेल तर तो कामकाजातून काढून टाकता येईल. फेल्ट यांनी ताबडतोब सांगितलं, काढा.

पॉटिंजर यांना तिथंच उत्तर मिळालं. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ते जाहीर केलं नाही.

वहिनींनी हा उतारा वाचल्यावर ‘काढा’नंतर चार सेकंदांची शांतता ठेवलीय. पुतणीला ती लांब वाटते. मी ठेवायला सांगितली.

२३ जून

निक्सन आपल्या कार्यालयातली संभाषणं ध्वनिफितींवर घेत. त्यातली १९ ऑक्टोबर १९७२ची ध्वनिफीत, लिखित प्रत. एच. आर. हाल्डेमन, म्हणजे हेग यांच्याआधीचे चीफ ऑफ स्टाफ, निक्सनना सांगतात की बातम्या एफबीआयमधून फुटतायत आणि फोडणारे मार्क फेल्ट आहेत. हात लावला तर ते बाहेर जाऊन सगळं ओकतील, त्यांना सगळं ठाऊक आहे. निक्सन विचारतात, तो हे का करेल? मग फेल्ट यांचा धर्म निघतो. हाल्डेमन म्हणतात ज्यू; तेही चूक.

म्हणजे जगाला कळायच्या ३२ वर्षं आधी राष्ट्राध्यक्षांना कळलं होतं. आणि त्याच्याही चार महिने आधी, २३ जून १९७२च्या फितीत, जी पुढं निक्सनना घेऊन बुडाली, तेच हाल्डेमन म्हणतात की फेल्ट सहकार्य करतील, महत्त्वाकांक्षी माणूस आहे. दोन्ही वाक्यं एकापुढे एक ठेवली. मध्ये निवेदन नको.

ग्रे यांनी गळती शोधायचं काम फेल्ट यांच्याकडेच दिलं होतं, हेही इथंच घातलं.

२९ जून

कुंडीचा प्रश्न. पुस्तकात आहे की भेट हवी असली की वुडवर्ड आपल्या सज्जातली लाल झेंडा खोवलेली कुंडी मागं सरकवत. आणि तिकडून भेट हवी असली तर वुडवर्डकडे येणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या विसाव्या पानाचा आकडा गोल केलेला असे, खाली घड्याळाचे काटे काढलेले.

१९९३मध्ये एड्रियन हॅविल यांनी या दोन्हींवर बोट ठेवलं. सहाव्या मजल्यावरचा तो सज्जा आतल्या चौकाकडे तोंड करून आहे, रस्त्यावरून दिसत नाही; आणि पेपर घरोघरी न जाता खाली गठ्ठ्यानं येत. त्यांचा निष्कर्ष: हे रचलेलं आहे. यावर वुडवर्ड यांचं म्हणणं असं की सत्तरच्या दशकात तिथं गल्ली होती, भिंत नंतर बांधली. आणि त्यांच्या पेपरवर घराचा क्रमांक घातलेला असे. एका जुन्या शेजाऱ्यानंही सांगितलं की वुडवर्ड आपलाच खुणेचा अंक मिळावा म्हणून हटून बसत.

आज सकाळी ताईच्या इमारतीत जाऊन करून पाहिलं. तीही सहाव्या मजल्यावर राहते. तिच्या तुळशीला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून कोरफडीच्या कुंडीत काठी खोवून तिला लाल फडक्याची चिंधी बांधली. पुतणी खाली. अगदी इमारतीखालून तिला काहीच दिसलं नाही, फक्त कठडा. समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर गेली तेव्हा चिंधीचं टोक दिसलं. कुंडी पुढं आहे की मागं, हे मात्र तिला तीनदा विचारूनही सांगता आलं नाही. शेवटी मी चिंधी काठीच्या टोकाला सरकवली, तेव्हा कुठं जमलं.

यानं वॉशिंग्टनमधलं काहीच सिद्ध होत नाही. तरी एक फायदा झाला. रोज कुणीतरी ती कुंडी बघून जायचं, हे वाक्य लिहिताना आता मला त्या बघणाऱ्याची मान किती वर करावी लागली असेल ते कळतं, आणि एफबीआयचा क्रमांक दोनचा अधिकारी रोज स्वतः तिथं येऊन उभा राहत असेल, हे पटत नाही. त्यानं हे काम दुसऱ्या कुणावर सोपवलं असणं जास्त शक्य वाटतं. हा माझा अंदाज. संहितेत अंदाज म्हणूनच जाईल.

ब्रॅडलींचंही इथंच घेतलं. १९९०च्या एका ध्वनिमुद्रित मुलाखतीत त्यांनी कुंडी आणि गॅरेज या दोन्हींबद्दल बोलताना कबूल केलं होतं की हे सगळं अगदी सरळ नसावं अशी भीती मनाच्या तळाशी उरलेली आहे. २०१२मध्ये ते बाहेर आलं. ज्या संपादकानं ती बातमीदारी छातीवर झेलली, त्याच्या तोंडचे हे शब्द. वगळता येणार नाहीत.

६ जुलै

आराखडा मोडला.

भिंतीवर तारखांचा तक्ता लावलाय. डाव्या रकान्यात डीप थ्रोटच्या भेटी, उजव्या रकान्यात त्या दिवशी फेल्ट कुठल्या पदावर. १९७२चं सगळं चपखल बसतं. १९ जूनला वुडवर्ड फेल्टना फोन करतात, व्हाइट हाउससाठी काम केलेल्या हॉवर्ड हंटवर संशय पक्का होतो. ऑक्टोबरमध्ये गॅरेज, आणि १० ऑक्टोबरला विरोधकांवरच्या हेरगिरीची आणि घातपाताची मोठी बातमी. ही सगळी माहिती एफबीआयच्या फायलींतली, आणि त्या फायली फेल्ट यांच्या टेबलावरून जात.

मग शेवटची ओळ. नोव्हेंबर १९७३चा पहिला आठवडा. पुस्तकानुसार डीप थ्रोट सांगतो की निक्सन यांच्या फितींपैकी एक किंवा अधिक फितींवर मुद्दाम पुसलेल्या जागा आहेत.

उजवा रकाना: फेल्ट २२ जून १९७३ला एफबीआय सोडून गेलेले.

आणि फिती होत्या व्हाइट हाउसच्या ताब्यात. २० जून १९७२च्या संभाषणातली ती साडेअठरा मिनिटांची रिकामी जागा न्यायाधीश सिरिका यांच्यासमोर आली २१ नोव्हेंबरला. तज्ज्ञांनी ती किमान पाच वेळा पुसल्याचं सांगितलं ते जानेवारी १९७४मध्ये. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फितींचं काही बिघडलंय हे व्हाइट हाउसमधल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांना ठाऊक होतं. साडेचार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या, आणि व्हाइट हाउसला नकोशा झालेल्या माणसाला ते कळलं कसं?

उत्तर असू शकतं. फेल्ट यांनी ३१ वर्षं त्या संस्थेत काढलेली. आतली माणसं त्यांची होती, कुणीतरी कानावर घातलं असेल. वुडवर्ड आजवर तेच सांगत आलेत की तेव्हाही गॅरेजमध्ये फेल्टच होते. २०११मध्ये गॅरेजबाहेर जो फलक लावला, त्यावरही भेटींचा काळ ऑक्टोबर १९७२ ते नोव्हेंबर १९७३ असा आहे, भेटी सहा.

तरी माझ्या तक्त्यात ही ओळ लाल शाईनं.

रात्री उशिरा लक्षात आलं आणि उठून बसलो. याच ओळीनं सगळ्यांना चकवलं! ज्याला एफबीआयचा तपास ठाऊक आणि शिवाय नोव्हेंबर १९७३ला फितींचंही ठाऊक, असा माणूस शोधायला निघालं की फेल्ट बाद होतात आणि उरतात हेग, फील्डिंग, गर्गन. व्हाइट हाउसमधले.

७ जुलै

कालचं अजून डोक्यात आहे, आणि त्याचं कारण वॉशिंग्टन नाही.

१९९४च्या बातमीला माझ्याकडे दोन माणसं होती. एकानं मोजमाप पुस्तिकेचं पान दिलं. दुसऱ्यानं सांगितलं की सही करताना साहेबांच्या केबिनमध्ये कोण बसलं होतं. पानवाल्याला केबिनमधलं ठाऊक नव्हतं, केबिनवाल्यानं पुस्तिका पाहिलेली नव्हती. मी दोघांचं एकाच वाक्यात ओवलं: ‘सूत्रांनी सांगितले’. साहेबांनी ते वाचलं आणि ज्याला दोन्ही ठाऊक असेल असा एक माणूस शोधला. तसा त्या कार्यालयात एकच होता. नकाशे काढायला पुस्तिका त्याच्याकडे यायची आणि त्याचं टेबल केबिनच्या दाराशी होतं. अनुरेखक.

इतकी वर्षं मी समजत होतो की साहेबांनी डूख धरून त्याला बळी दिलं. त्यांचा हिशेब चोख होता. बेरीज मी चुकीची दिली होती.

११ जुलै

टेक्सासच्या कागदांवर आज दिवसभर. वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांनी आपली वॉटरगेटची कागदपत्रं २००३मध्ये टेक्सास विद्यापीठाला, ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरला, ५० लाख डॉलरना विकली. स्रोत जिवंत असेपर्यंत त्याचे कागद बंद ठेवायचे, ही अट. फेल्ट उघड झाल्यावर त्यांच्या मुलाखतींची टिपणं खुली झाली. त्यात ‘एम. एफ.’ अशी खूण आहे. वुडवर्ड सांगतात, ‘माय फ्रेंड’. मार्क फेल्टची आद्याक्षरंही तीच.

पॅट्रिक ग्रे जुलै २००५मध्ये वारले. त्यांचा मुलगा एड ग्रे यांनी वडिलांचं अर्धवट पुस्तक पुरं केलं, २००८मध्ये ते आलं. त्यासाठी त्यांनी ही टिपणं एकेक करून तपासली. फेल्ट यांच्या फायलीतलं एक पान त्यांना खटकलं. बोलणारा एफबीआयचा वाटेना. शोध घेतल्यावर बोलणारे निघाले डोनाल्ड सँटारेली, न्याय खात्यातले अधिकारी. सँटारेली यांनी स्वतः दुजोरा दिला की हे बोलणं माझं. एड ग्रे यांचा निष्कर्ष: डीप थ्रोट एक माणूस नव्हता, अनेकांची मोट होती.

विद्यापीठाचे अभिलेखपाल स्टीफन मिल्के यांचं स्पष्टीकरण साधं आहे. त्या पानावर स्रोताचं नाव नव्हतं, म्हणून ते चुकून फेल्ट यांच्या फायलीत गेलं असावं. त्याच पानाची कार्बन प्रत सँटारेली यांच्या टिपणांसोबत ठेवलेली आहे.

मला हे स्पष्टीकरण पटतं. आमच्या कात्रणविभागात मी दोन वर्षं काढलीत. शीर्षक नसलेला कागद शेजारच्या पाकिटात जातो आणि तिथलाच होऊन बसतो. शिवाय जो मोट बांधून फसवायला निघालाय, तो कार्बन प्रत खऱ्या नावाच्या फायलीत कशाला ठेवेल? तेव्हा या पानावरून ‘डीप थ्रोट नव्हताच’ इथपर्यंत उडी मारायला मी तयार नाही. वुडवर्ड यांचे एजंट डेव्हिड ओब्स्ट म्हणत की पुस्तकाच्या सुरुवातीच्या आराखड्यात हे पात्रच नव्हतं, म्हणून ते रचलेलं. हेही मला पुरत नाही. फेल्ट होते, बोलत होते, आणि निक्सनना ते ठाऊक होतं. फितीत आहे.

पण या पानानं एक दाखवलं. नाव न लिहिलेलं टिपण तीस-पस्तीस वर्षांनी कुणाच्या तोंडी जाईल, हे लिहिणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

१५ जुलै

अण्णांनी तिसरी संहिता परत पाठवली, समासात पेन्सिलीनं भरपूर. त्यांचा आक्षेप: “तू वुडवर्डला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतोयस. त्या माणसानं तेहेतीस वर्षं तोंड उघडलं नाही. असा शब्द पाळणारा वार्ताहर मी आयुष्यात दोनच पाहिले.”

मी फोन केला. म्हटलं, अण्णा, शब्द पाळल्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे. माझा प्रश्न नोव्हेंबरच्या एका वाक्याचा आहे.

तासभर बोललो. शेवटी ते म्हणाले, आपल्या डेस्कवर ‘सूत्रांनी’ हा शब्द कधी अडवला नाही, एकवचनात ‘सूत्राने’ लिहिलं तर मात्र लाल रेघ ओढायचो, कारण वाचायला बरं वाटत नसे. थोडं थांबले आणि म्हणाले, “तेव्हा विचारायला हवं होतं, किती आहेत म्हणून.”

संहितेतली वुडवर्डवरची दोन वाक्यं सौम्य केली. नोव्हेंबर तसाच ठेवला.

२० जुलै

फेल्ट यांनी हे का केलं, यावर सहा मिनिटं होती, अडीचवर आणली. मॅक्स हॉलंड यांनी २०१२मध्ये मांडलं की ही एफबीआयच्या गादीची लढाई होती. ग्रे यांना नालायक ठरवून खुर्ची मिळवायची. बराच भाग पटतो. पण हेतू वाईट म्हणून माहिती खोटी ठरत नाही. आणि ज्या फेल्ट यांनी हे केलं त्यांनाच १९८०मध्ये बेकायदा घरझडत्यांबद्दल शिक्षा झाली, ५ हजार डॉलर दंड, आणि त्या खटल्यात निक्सन स्वतः साक्षीला येऊन अशा झडत्यांची पाठराखण करून गेले. पुढच्या वर्षी रेगन यांनी माफी दिली, तेव्हा निक्सन यांनी शॅम्पेनची बाटली पाठवली. फेल्ट यांनी ती बाटली घेतली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, यावर मी एक परिच्छेद लिहिला होता. काढला. मला ठाऊक नसलेलं मन मी लिहू नये.

२६ जुलै

ध्वनिमुद्रण. बाहेर पाऊस, म्हणून गाद्या भिंतीला लावून आतल्या खोलीत. वहिनींचा आवाज बसलेला होता, तरी दोन भाग झाले.

तिसऱ्या भागात एकोणिसाव्या मिनिटाला चूक. वहिनी वाचून गेल्या, ‘नोव्हेंबर १९७३मध्ये फेल्ट म्हणाले’. संहितेत होतं, ‘त्या रात्री तो म्हणाला’. त्यांनी ओघात नीट करून घेतलं होतं. इतका वेळ ‘ते’ आल्यावर मध्येच ‘तो’ कानाला खटकतो, म्हणाल्या. खरंच खटकतो. पुतणी म्हणाली, खटकू दे, तिथं थांबायलाच हवं. पुन्हा घेतलं.

३ ऑगस्ट

१९९४च्या दोघांपैकी पानवाले गेल्या वर्षी वारले. दुसरे आहेत. वुडवर्ड यांचा फेल्टना शब्द होता की तुम्ही जिवंत असेपर्यंत नाव सांगणार नाही. मी माझ्या दोघांना मुदत कधी सांगितली नव्हती, त्यांनी विचारलीही नव्हती.

त्यांना फोन केला. म्हटलं, नाव नाही, पण तुम्ही दोघं होता एवढं मला एका माणसाला सांगायचंय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुणाला ते कळलं मला. आकडा सांग. माझं नाव नको, आणि त्याचंही नको, तो गेला असला तरी.”

१० ऑगस्ट

तिन्ही भाग तयार. पहिला २४ मिनिटं, दुसरा २६, तिसरा २७ मिनिटं ४० सेकंद.

दुसरा भाग मोबाइलवर घेऊन अनुरेखकांकडे गेलो. एसटीनं अडीच तास. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झालीत, घरासमोरच्या ओट्यावर बसून ऐकला. फील्डिंग यांच्या नकारापाशी त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि तेवढं पुन्हा लावलं. भाग संपल्यावर मी सांगितलं की त्या वेळी माझ्याकडे दोन माणसं होती. एकाला पुस्तिका ठाऊक होती, दुसऱ्याला केबिन.

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली, एकमेकांना जुळवली आणि बघत बसले.

“म्हणजे दोघांचं मिळून मी झालो,” म्हणाले.

कोण, हे त्यांनी विचारलं नाही. आतून चहा आला. मग म्हणाले, तिसरा भाग लाव.